माझ्या नावाने पुसलेली ओळ

सोम. ७ मार्च १९८८
कारखान्यात डोकं फिरलं. रबर लाटायच्या मशिनचं माहितीपुस्तक लिहितोय, त्यातली एक ओळ गायब. ‘रुळांत हात घालण्याआधी मेन स्विच पाडून कुलूप लावा.’ नेमकी तीच! मजकूर मुंबई ऑफिसच्या कॉम्प्युटरवर राहतो, आम्ही इथून टेलिफोनच्या लायनीवर जोडून घेतो. कोणी, कधी, काय बदललं, सगळं तिथे नावानिशी. काढून पाहिलं. ओळ खोडणारा : मी. गुरुवार, संध्याकाळ. तेव्हा मी कर्जतला दाताच्या डॉक्टरपुढे आ करून बसलो होतो.

मंगळ. ८
कॉम्प्युटरवाल्या सुधाकरला धरलं. खालापूरचा गडी, अगदी निवांत.
‘काका, लाईन दिवसभर तुटती. दर टायमाला नाव टाका, पासवर्ड टाका. म्हणून मीच आत लिवून ठेवलाय. आपोआप लागतं.’
‘माझा?’
‘सगळ्यांचा. तुमचा एकट्याचा नाय काय.’
पासवर्ड पहिल्यांदा त्यानेच बसवून दिलेले, तेव्हा त्याला सगळे ठाऊक. म्हणजे माझ्या खुर्चीत बसेल तो मी! वर्तमानपत्रात उमेदीची वर्षं गेली, माझ्या नावाखाली दुसऱ्याचा स्वल्पविराम जाऊ दिला नाही.

बुध. ९
खोडलं मॅनेजरने. लपवलंही नाही. कुलपाची कडी असलेले स्विच अजून आलेले नाहीत, मशिनं तशीच पाठवणार. पुस्तकात कुलूप दिसलं तर गिऱ्हाईक विचारेल.
‘तुम्ही नव्हतात. तुमच्या नावाने लागलेलंच होतं, केलं. एवढं काय त्यात?’
वर भिंतीवरचा फळा दाखवला. आमच्याकडे प्रत्येक कपाटाची किल्ली चिठ्ठी बांधून तिथे टांगतात, ज्याला लागेल तो नेतो. ‘त्याबद्दल कोणी कधी कुरकुर केली?’
म्हटलं, कपाट उघडणारा माझी सही करत नाही. आवाज चढला माझा. बाहेरचे टाइपरायटर थांबले. थांबू देत.
जुनी आवृत्ती मुंबईत शाबूत. ओळ परत घातली. पासवर्ड बदलला, साठवलेला सुधाकरकडून पुसून घेतला. ‘आता लाईन तुटली का बसा बडवत,’ म्हणाला. बसेन.

गुरु. १०
जेवणाच्या सुट्टीत बबन आला. चौक गावचा. तयार मशिन पहिल्यांदा तोच चालवून बघतो, फोरमन पुस्तक वाचतो आणि हा तसं करतो.
‘मास्तर, रबर अडाकला तर हात घालू का नको? फोरमन बोलतो, पुस्तकात मनाई नाय.’
‘घालायचा नाही. आधी स्विच पाड.’
‘तुमी तोंडानं सांगता. लिवा ना मग.’
‘लिहिलंय रे!’
‘आमच्या कागदात नाय.’
खरंच नाही. खाली गेलेली छापील प्रत खोडल्यानंतरची. फोरमनकडे गेलो. मॅनेजरच्या सांगण्याशिवाय कागद बदलणार नाही म्हणे. मॅनेजर मुंबईला. राग कोणावर काढू? डबा न खाता परत आणला.

शुक्र. ११
मॅनेजरचा हुकूम. नवा पासवर्ड उद्या सकाळी चिठ्ठीवर लिहून फळ्यावर टांगायचा, नाहीतर मुंबईला कळवून माझं नाव बंद. मग पुस्तक हवं तसं बदलतील, आणि मुखपृष्ठावर लेखक मी.
चिठ्ठी लिहिणार नाही. एवढं ठरलं. नोकरीचं काय, ते…
दुरुस्त पानाची प्रत काढून पिशवीत ठेवलीय. नवं मशिन उद्या पहिल्या पाळीत सुरू करणार, बबनच्या हातून. पहिल्या एसटीने कारखाना गाठतो.