कोकोच्या तळाशी

मांगेरे,
रविवार, चर्चनंतर

प्रिय ताउसाला,

तुझे फोन मी उचलले नाहीत म्हणून तू रागावली असशील. रागाव. पण या घरात फोन म्हणजे काय असतं ते तुला ठाऊक आहे. कोणाचाही आला तरी तो स्पीकरवर लावला जातो आणि तुझ्या आई पंखा हलवत शेजारी येऊन बसतात. मला जे सांगायचंय ते त्यांच्या कानावर जाता कामा नये, म्हणून हे पत्र. शाळा सुटल्यापासून मी कोणाला हाताने पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. आई जेवून झोपल्यात. मी गॅरेजमध्ये उएलेसेच्या खुर्चीत बसलेय. खुर्चीला अजून त्याच्या तेलाचा वास येतो, आणि रोज थोडा कमी येतो.

तू विचारलंस मी कशी आहे. बरी नाही. बरी होईन असंही वाटत नाही. चर्चमधल्या बायका म्हणतात, दिवस जाऊ देत. दिवस जातायत की, त्यांना कोण अडवतंय. लूपेला शाळेत सोडते, कामाला जाते, येताना ब्रेड आणते, आणि दारात गाडी लावताना रोज वाटतं की तो आतून ओरडेल, 'सिएनी, ब्रेड आणलास की विसरलीस?' पाच वर्षांची पोर मला विचारते, बाबा गेला तेव्हा त्याचा गुडघा पण गेला का. काय सांगू तिला?

तुझा तक्रारीचा मेसेज वाचला. यंत्र चुकलं, त्या टोंगन बाईने हयगय केली, माझ्या भावाचा जीव घेतला, आईची सही घेऊन पाठव, आता एकालाही सोडणार नाही. मी तुझ्या जागी असते तर हेच लिहिलं असतं, वर दोन शिव्या जास्त घातल्या असत्या. पण सही घेतलेली नाही. का, ते सांगायला मला जरा मागून यावं लागेल. तू तिकडे समुद्रापलीकडे, लोगनला होतीस, तुला फोनवर तुकडे तुकडे कळले.

त्याचा तो बसवलेला कृत्रिम गुडघा. विमानतळाच्या गोदामात इतकी वर्षं फोर्कलिफ्ट चालवून, त्याआधी रग्बीत मोडून घेतलेला. पहिलं वर्ष बरा चालला. मग उन्हाळ्यात सुजायला लागला, हात लावला तर गरम. इथल्या डॉक्टरने कॅप्सूल दिल्या की उतरायचा, संपल्या की पुन्हा. उएलेसे म्हणायचा, 'माझा गुडघा म्हणजे आपल्या गावची सभा, सगळे तावातावाने बोलतात, ठरत काहीच नाही.' शेवटी मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथले सर्जन म्हणाले, आत जंतू असेल तर बसवलेला गुडघा काढून टाकायचा, काही महिने आधार म्हणून तात्पुरतं काहीतरी आत ठेवायचं आणि मग नवा बसवायचा. जंतू नसेल तर तो नुसता ढिला झालाय, मग घाई नाही. एक्स-रेत दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून कॅमेऱ्याची ती तपासणी करायची ठरली, आणि त्यासाठी दोन आठवडे कॅप्सूल पूर्ण बंद. कपाटात महिन्याभराची बाटली नुकतीच आणलेली होती. मी घरी येऊन आईंना एवढंच म्हटलं, 'डॉक्टरांनी औषध बंद करायला सांगितलंय.' आईंचा चेहरा पडला. म्हणाल्या, 'डॉक्टर असून औषध बंद कर म्हणतो? कुठे शिकलाय हा?' मी हसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जाहीर केलं की उएलेसेचा कोको यापुढे त्याच करणार, माझा पाणचट होतो. मी मनात म्हटलं, घ्या बाई, तेवढंच एक पातेलं माझ्या वाट्याचं कमी.

आणि गंमत बघ, औषधाशिवाय त्याचा गुडघा चक्क बरा वाटायला लागला. सूज उतरली. पाद्रीबाबांनी भर चर्चमध्ये त्याला उभं केलं, प्रार्थनेला फळ आलं म्हणाले. आईंनी मान खाली घातली होती. मला वाटलं, प्रार्थनेत आहेत.

तपासणीच्या दिवशी लुसिआने भेटली. तीच तुझी 'टोंगन बाई'. तिने त्याच्या दंडातून रक्त काढलं आणि सगळं नीट समजावलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, त्यांना किरणोत्सारी औषध लावायचं आणि त्या परत त्याच्याच शिरेत सोडायच्या. त्या पेशी अंगातल्या पहारेकरी. जिथे जंतू बसलेला असेल तिथे त्या धावत जाऊन गोळा होतात आणि कॅमेऱ्यात तेवढी जागा उजळते. पण कॅप्सूल चालू असतील तर जंतू अर्धमेला होऊन दडून बसतो, पहारेकऱ्यांना हाक जात नाही, आणि चित्र कोरं येऊ शकतं. म्हणून ती बंद करायची. तिने विचारलं, 'नक्की बंद होत्या ना?' आम्ही दोघंही एका सुरात हो म्हणालो. उएलेसेने शेजारच्या बेटांची जुनी चिडवाचिडवी लगेच सुरू केली. तिला म्हणाला, 'टोंगन बाईच्या हातात सामोअन रक्त दिलंय. परत मिळेल ते आमचंच ना? नाहीतर रविवारी तुमच्या चर्चमध्ये जाऊन बसायची वेळ यायची.' ती म्हणाली, 'या की. आमच्याकडे निदान सुरात गातात.' तो इतका हसला की तिला सुई धरून थांबावं लागलं.

एक चित्र काढलं की दुसऱ्यासाठी तासन्‌तास थांबायचं असतं. त्या वेळात आम्ही बाहेर बाकावर बसलो आणि त्याने आईंनी दिलेला थर्मास उघडला. मी एक घोट घेतला. कडू. मी म्हटलं, 'तुझ्या आईने परत कोकोचे दाणे भाजताना जाळले.' तो म्हणाला, 'आईच्या कोकोला नावं ठेवायची नाहीत. आण इकडे, तळाचा गाळ माझा.' आणि चमच्याने खरवडून खरवडून खाल्ला. घरी आल्यावर त्या किरणांमुळे त्याला त्या दिवसापुरतं पोरांना मांडीवर घ्यायची मनाई होती, तर हा गॅरेजच्या या टोकाला आणि लूपे त्या टोकाला, असा चेंडूचा खेळ चालला होता.

चित्र कोरं आलं. सुईने गुडघ्यातलं पाणी काढलं होतं, त्यातही प्रयोगशाळेत जंतू वाढला नाही. सर्जन म्हणाले, चांगली बातमी आहे, जंतू नाही, ऑपरेशन पुढच्या वर्षी सावकाश करू. आम्ही डुक्कर भाजलं, तू व्हिडिओवर बघितलंस, त्याने तुला हाडूक दाखवून चिडवलं होतं. पुढचं तुला माहीत आहे. थंडी सुरू झाली, ताप आला, तो म्हणाला फ्लू आहे. साखर आधीच वर. एका सकाळी तो लूपेला ओळखेना. अ‍ॅम्ब्युलन्समधून नेलं ते परत आणलंच नाही. आयसीयूतल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की जंतू गुडघ्यातूनच रक्तात गेलाय, तो बरेच महिने तिथे असावा. मीही तेव्हा तुझ्यासारखीच ओरडले होते. मग तुमच्या त्या कॅमेऱ्याला का दिसला नाही म्हणून.

अंत्यविधीला लुसिआने आली होती. सगळ्यात मागे, हातात दुखवट्याला द्यायची घडी केलेली चटई घेऊन उभी. तू तिच्याकडे पाहून तोंड फिरवलंस, मीही फिरवलं. निघताना माझ्याजवळ येऊन म्हणाली, 'ती चित्रं मी पुन्हा पुन्हा बघतेय. पेशी तयार करताना माझ्या हातून काही बिघडलं असेल का, हे डोक्यातून जात नाही.' मी पुढच्या पाहुण्याकडे वळले.

आता ओनोसाईचं सांगते, आईंनी एकदा फक्त मला सांगितलेलं. तुझी मोठी बहीण एकोणिसाव्या वर्षी हृदयाने गेली, एवढंच तुम्हा भावंडांना माहीत आहे. तू तेव्हा रांगत होतीस. त्याच्या आधी, ती लहान असताना, सामोआत गावाकडे तिचा घसा धरला होता. दवाखान्यातून औषध आणलं, दोन दिवसांत घसा बरा झाला, आणि आईंनी उरलेली बाटली शेजारणीच्या तापलेल्या पोराला देऊन टाकली. गावात कोणीही हेच केलं असतं, अन्न उरलं तर देतो तसं. घशाचं औषध अर्धवट राहिलं म्हणूनच पुढे हृदय खराब झालं, असं डॉक्टरांनी त्यांना तोंडावर सांगितलं. म्हणून इथे शाळेची नर्स पोरांच्या घशासाठी गोळ्या द्यायची तेव्हा आई घड्याळ घेऊन बसायच्या. नर्स कौतुकाने म्हणायची, सगळ्या घरांत अशी आजी हवी.

अंत्यविधीचे पाहुणे गेल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात पातेली घासत होतो. आई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, 'लोक म्हणतील, माकेरिताने दुसरंही लेकरू घालवलं. म्हणू देत. देवाला माहीत आहे, या वेळी मी एक डोस चुकवला नाही. त्या डॉक्टरने बंद कर म्हटलं, मी नाही केलं. बाटली संपेपर्यंत रोज कॅप्सूल फोडून कोकोत घालत होते. तळाशी बसते ती, त्याला कळायचंही नाही. ओनोसाईला केलं ते मी याला नाही केलं, सिएनी.' मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलावं म्हणून थांबून राहिल्या.

ते पातेलं त्यांच्या डोक्यात घालावं असं मला वाटलं. लिहून ठेवते, कारण वाटलं हे खरं आहे. तो घोट माझ्या जिभेवर परत आला. मग त्यांचे हात पाहिले, साबणाने घासून घासून पांढरे पडलेले, आणि मी नळ मोठा करून घासत राहिले. तेव्हापासून मी जळतेय, ताउसाला, आणि कोणावर जळू ते कळत नाही. त्यांच्यावर? 'डोस चुकवू नका' म्हणून गल्लोगल्ली सांगणाऱ्या नर्सवर? तीन वाक्यं समजावून सांगायच्या ऐवजी एका वाक्यात उरकून हसणाऱ्या माझ्यावर? प्रार्थनाही होत नाही मला. आज चर्चमध्ये नुसते ओठ हलवत होते.

मी लुसिआनेकडे गेले. नाव घेतलं नाही, नुसतं विचारलं, समजा घरात कोणी प्रेमापोटी देत राहिलं असेल तर. ती तिथेच हॉस्पिटलच्या पार्किंगच्या कठड्यावर बसली. म्हणाली, 'त्यामुळे असं होऊ शकतं. पण त्यामुळेच झालं, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.' मग म्हणाली, 'माझी आईही घरात आहे. मी आपणहून कोणाला सांगणार नाही. पण चौकशीत विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही.' तुझ्या तक्रारीने पहिली तीच उभी राहील, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी कोट घातलेला माणूस आईंना समोर बसवून विचारेल की त्याच्या कोकोत काय होतं. त्या मोठ्या अभिमानाने सांगतील. मग तो त्यांना त्याचा अर्थ समजावेल.

म्हणून ती तक्रार फाड, आणि हे पत्रही. गुरुवारी आई तुझ्याकडे येतायत. मी त्यांना सांगितलंय की तुला करमत नाही म्हणून बोलावलंयस. खरं हे आहे की त्या अजून माझ्या उत्तरासाठी थांबून राहिल्यात आणि मला त्यांच्यासमोर उभं राहवत नाही. तुझ्या घरातल्या गोळ्या कुलपात ठेव. त्यांच्या पिशवीत कोकोचा डबा आहे, पहिल्या सकाळीच करतील. कडू लागला तरी तळापर्यंत पी. एक दिवस पातेली घासताना त्या तुला तेच सांगतील आणि तुझ्याकडे बघतील. तेव्हा म्हण, 'बरं केलंस, आई.' माझ्या तोंडून ते निघालं नाही, आणि निघणार नाही. तू त्यांची लेक आहेस, तू म्हण.

तुझीच,
सिएनी