जेवणाच्या वेळेत इंटरनेट बंद

माय, काल घरातलं इंटरनेट गेलं आणि बाबूजी खाटेवरून म्हणाले, "स्वयंपाकघरात कोणी फोन उचलला का, पाह्य जरा." मी राऊटर बंद-चालू करत होते. स्वयंपाकघरात आता फोन कुठे आहे? तू गेल्यावर काही वर्षांनी आम्ही तो काढूनच टाकला. बाबूजींना आजकाल सकाळचं संध्याकाळी आठवत नाही, जुनं मात्र कधी एकदम वर येतं. त्यामुळे ते भ्रमात बोलले, की गंमत केली, की मला काहीतरी सांगू पाहत होते, काही समजेना. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं तर ते पंख्याकडे पाहत होते. तेव्हापासून माझं डोकं त्या एका वाक्यातच अडकलं आहे, म्हणून हे लिहायला बसले.

कुडवा गावातल्या आपल्या घरातली रस्त्याकडची खोली. बाबूजी तिथली धानाची पोती मागे हलवतात, भिंतींना पिवळा रंग देतात आणि कॉम्प्युटर सेंटर टाकतात. गोंदियात कोर्स करून आलेली मी ते सांभाळते. बाबूजींच्या टेबलावर मेन कॉम्प्युटर, त्याला मॉडेमचा डबा, आणि त्या एका मॉडेमवर बाकीची सगळी मशीनं वायरने जोडलेली. एकाचं तुटलं की सगळ्यांचं तुटायचं. टेलिफोनची लाईन घरात एकच. तिचं एक टोक मॉडेममध्ये, दुसरं तुझ्या स्वयंपाकघरातल्या फोनमध्ये. पहिल्याच दिवशी बाबूजींनी तुला बजावलं होतं, "नेट चालू असलं का फोन उचलाचा नाही. उचलला का सगळं कटते." तू पोळ्या लाटत होतीस. "मी कायले उचलू? मले कोनाचा फोन येते?" म्हणालीस आणि फोनवर एक रुमाल टाकून दिलास.

त्या काळात घरात ताईचं नाव निघत नव्हतं. तिने आपल्या पोवार जातीबाहेरचा मुलगा केला, रायपूरला नोकरी करणारा, आणि त्याच्याबरोबर निघून गेली. बाबूजी ओरडले नाहीत, कोणाला मागे पाठवलं नाही. जेवता जेवता एवढंच म्हणाले, "या घरात तिचं बोलणं नाही पाहिजे," आणि भात कालवत राहिले. तू त्यांना वरण वाढलंस. मी तुझ्याकडे पाहत होते, की आता तू काहीतरी बोलशील. तू बोलली नाहीस, आणि मला तेव्हा तुझा फार राग आला होता.

सेंटर चांगलं चालायला लागलं आणि तो बिघाड सुरू झाला. सकाळी सगळं नीट असायचं. मॉडेम टुकटुक नंबर फिरवायचा, खरखर करायचा, शिट्टी मारायचा आणि लागायचा. जेवणाची वेळ जवळ आली की मात्र मधेच कट. परत लावायला जावं तर लागायचंच नाही. पुन्हा पुन्हा लावून मी थकायचे, आणि मग काही न करता आपोआप सगळं ठीक व्हायचं. नोकरीचे अर्ज भरायला आलेली मुलं वैतागायची. "काकाजी, फिर कट गया," असा आवाज कोपऱ्यातून आला की बाबूजींचा चेहरा पडायचा. आम्ही काय काय केलं नाही? वायर बदलली. एका वेळी सगळी मशीनं नको म्हणून फक्त मेन चालू ठेवलं. मॉडेम गरम होतो म्हणून त्याच्याकडे टेबलफॅन फिरवला. मॉडेमचं सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. बाबूजींनी गोंदियातून नवा मॉडेम आणला, तोसुद्धा जेवणाच्या वेळी तसाच वागायला लागला. स्वयंपाकघरातला फोन मी स्वतः येऊन पाहिला होता. रिसीव्हर जागेवर, वर रुमाल. तुला विचारलंसुद्धा. तू म्हणालीस, "तुमच्या मशीनीचं मले काय समजते?"

एकदा मी पाणी प्यायला आत आले. तू भिंतीला टेकून उभी आहेस, रिसीव्हर कानाला, आणि त्यातून मॉडेमची ती खरखर मला दारापर्यंत ऐकू येते आहे. तू काही बोलत नाहीस. खरखर थांबते. तू रिसीव्हर ठेवतेस आणि फोनवर हात ठेवून उभी राहतेस. मी काही बोलणार तेवढ्यात बेल वाजते. बेलचा आवाज तू इतका कमी करून ठेवला होतास की बाहेर, ट्रकांच्या वर्दळीत, तो कोणाला ऐकू येणं शक्यच नव्हतं. पहिल्याच बेलला तू फोन उचललास, "हां बाई" म्हणालीस, आणि मग मला पाहिलंस. तू दचकशील असं मला वाटलं होतं. तू रिसीव्हर माझ्यापुढे धरलास. "ताई होय तुही. बोल, लवकर बोल."

ताईला दिवस गेले होते. डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं होतं, भाऊजी कामावर, घरात दुसरं कोणी नाही. ती तिकडून फोन लावायची, आपली लाईन नेटमुळे कायम लागलेली. म्हणून तू नेट तोडायचीस. "पोरगी तिकडे एकटी पडून आहे, फोन लावून राहिली, लागून नाही राहिला. मी काऊन नाही उचलू?" असं मलाच विचारलंस, जणू नियम मी केला होता. तुम्ही दोघी बोलत असताना मी बाहेरून जे नंबर फिरवत असे, ते टुकटुक ताईला रायपूरला ऐकू यायचं, हे तिने त्या दिवशी हसत सांगितलं. मला हसावं की रडावं ते कळत नव्हतं. बाहेर येऊन मी बाबूजींच्या शेजारी बसले. ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊन भिंतीवरची डबी खोलत होते. "वायर धर," म्हणाले. मी धरली.

मी त्यांना सांगितलं नाही. शेवटी त्यांनीच टेलिफोनवाल्याला बोलावलं. तो खांबावर चढला, उतरला, आपला फोन लावून लाईन तपासली आणि म्हणाला, "लाईन तो एकदम ठीक है, काकाजी. घर में दूसरा फोन है क्या? कोई उठाता होगा." मी मेन कॉम्प्युटरवर बसले होते. बाबूजींनी मॉडेमच्या दिव्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "है. लेकिन उसको कोई नहीं उठाता." तो माणूस खांदे उडवून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर पुठ्ठा लटकत होता, बाबूजींच्या अक्षरात: जेवणाच्या वेळेत इंटरनेट बंद राहील. आणि तुला म्हणाले, "माहा डबा भरून दे. मी चक्कीवर जेवतो." त्यांचा मित्र शेजारी आटाचक्की चालवायचा, पण सगळा जन्म घरच्या पाटावर जेवलेला माणूस पिठाच्या धुळीत कशाला जाऊन बसेल? तू विचारलं नाहीस. डबा भरलास, वर आंब्याच्या लोणच्याची फोड ठेवलीस. मी तुमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं आणि मला काहीही वाचता आलं नाही.

त्यानंतर बिघाड झाला नाही. ताई जेवणाच्या वेळी फोन करायची, तू निवांत बोलायचीस. एका सकाळी मात्र भाऊजींचा फोन आला, नेट लावायच्या आधीच. मुलगी झाली होती, बाळ-बाळंतीण ठीक होती. तू फोन ठेवलास, पदराने तोंड पुसलंस आणि चुलीकडे वळलीस. बाबूजी दारात उभे होते. त्यांनी किती ऐकलं माहीत नाही. ते सेंटरमध्ये गेले, आणि आलेल्या पहिल्या गिऱ्हाइकाला म्हणाले, मी माझ्या कानांनी ऐकलं, "आज मॉडेम खराब है. कल आना." मॉडेम माझ्यासमोर होता, सगळे दिवे लागलेले. त्यांनी शटर ओढलं आणि दिवसभर मागच्या परसात निंबाच्या झाडाखाली बसून राहिले. ताई घराची पायरी चढली ती नात चालायला लागल्यावर. त्या वेळी ते फक्त म्हणाले, "गाडीत गर्दी होती का?"

माय, त्यांना माहीत होतं का? माहीत असेल तर तो पुठ्ठा तुझ्यासाठी होता, आणि चक्कीवर जाणं म्हणजे तुम्हा मायलेकींना घर मोकळं करून देणं होतं. की तिचा आवाज चुकूनही कानावर पडू नये म्हणून ते पळत होते? की खरोखरच, बिघाड सापडत नाही तर ती वेळच बंद ठेवावी, एवढाच साधा दुकानदाराचा हिशेब? आणि तुला काय वाटत होतं? रात्री शेजारी शेजारी झोपणारी दोन माणसं याबद्दल कधी बोलली असतील का, हेच मला कळत नाही. मीही आता त्या वयाची झाले. नवऱ्याशी रोज हजार गोष्टी बोलते, तरी तुमचं ते न बोलणं माझ्या आकलनात बसत नाही. ताईला विचारलं तर ती म्हणते, "सोड ना, झालं ते चांगलंच झालं." तिला सोडता येतं.

हे लिहून होईपर्यंत दुपार कलली. कागद घडी करून कुठे ठेवायचा तेही ठरवलेलं नाही, तुला तर तो मिळणार नाही. एक मात्र कबूल करते. ज्यांना हे विचारायला पाहिजे ते पलीकडच्या खोलीत आहेत, आत्ता ताईशी व्हिडिओ कॉलवर धानाच्या रोवणीबद्दल बोलत आहेत, आणि मी उठून दोन पावलं टाकली तर विचारू शकते. मी विचारत नाही. ते "मले काही माहीत नव्हतं" म्हणतील, याची मला भीती वाटते.