आईच्या शालीतला पतंग

तार्तू, ६ जून

ती. विर्वेताईस काल्योचा सा. न.

सुखरूप पोचलो. बातमी चांगली नाही. पतंग यावेत म्हणून तुझ्या घरच्या वाइनमध्ये भिजवलेल्या दोऱ्या तुझ्या गावच्या दलदलीत टांगल्या होत्या, पण त्यांवर आले ते शेजारच्या ओल्या रानातले पतंग. ते कुठेही सापडतात. सोकाइलच्या झुडपावर वाढणारा, खास दलदलीचा बारका पतंग काही दिसला नाही. ऑगस्टात सरकारी समिती पाहणीला येईल. तो दुर्मिळ पतंग दाखवता आला नाही, तर कंपनीला तिथलं पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, खोदायचा परवाना मिळेल. दलदलीचं पाणी उपसलं की पहिली आटेल ती तुझी विहीर.

माया आहेच, ती राहू दे.
काल्यो

राबाक्युला, २० जून

चि. काल्यो, अ. आ.

विहिरीचं वाचून आधी जाऊन तिच्यात डोकावून आले. पण तुझी कमाल आहे हो! माझी घरची वाइन झाडांना पाजलीस आणि आले कोण, तर शेजारचे फुकटे. मी जन्मभर लोकर खाणारी कसर मारली, भाऊ मात्र पतंगांना पंगत वाढतो.

आजच सोकाइलच्या फांद्या आणून आईच्या लग्नातल्या लोकरी शालीत घातल्या. त्या उग्र वासाला कसर फिरकत नाही.

जेवत जा वेळेवर.
तुझी ताई

राबाक्युला, १४ जुलै

चि. काल्यो, अ. आ.

शाल उन्हात टाकायला पेटी उघडली, तर तिच्यावर नखाएवढा पतंग! फाडकन सपात हाणली. मग पाहिलं, ही कसर नव्हे. पंखावर तपकिरी नक्षी, आणि सोकाइलच्या फांदीला रिकामा कोष. एक पंख शाबूत आहे, कोषासकट पाठवते. माझी विहीर मीच बुजवली का? लगेच कळव.

ताई

तार्तू, २१ जुलै

ती. ताईस सा. न.

तोच तो! पण मेलेला एक पुरत नाही, समितीला जिवंत दाखवावे लागतील. पेटीतल्या फांद्यांवर आणखी कोष असतील. त्या सगळ्या होत्या त्याच झुडपात नेऊन ठेव. आणि कृपा करून सपाता पायातच असू दे.

काल्यो

राबाक्युला, ३० सप्टेंबर

चि. काल्यो, अ. आ.

परवाना नाकारल्याचं सरपंचबाईंनी दारात येऊन सांगितलं. मी फांद्या नेऊन ठेवल्या त्या झुडपावरचे पतंग पाहायला समितीतले दोघे चिखलात गुडघे टेकून बसले होते म्हणे. मी ओट्यावरच रडले.

सोकाइल पुन्हा तोडली नाही. आज शाल उलगडली, तर कोपऱ्यात कसरीने पाडलेलं, चांगलं बोट जाईल एवढं भोक. आई असती तर तिने मला धपाटा घातला असता. मग याच विहिरीचं पाणी काढून कॉफी टाकली असती. मीही टाकली.

ये सवडीने, वाट पाहते.
ताई