गार चपात्यांची चळत

आई, आज पुन्हा तो आयोगाचा माणूस येऊन गेला. मी काय काम करते हे तुला कधी नीट सांगताच आलं नाही. गाड्यांमध्ये जे प्रोग्रॅम घालतात, त्यातल्या चुका गाडी रस्त्यावर यायच्या आधी पकडणारं एक टूल आम्ही बनवतो. ते आता चिप बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं विकत घेतलंय. मक्तेदारी होऊ नये म्हणून सरकारी आयोगानं अट घातली, की टूल स्वतंत्र राहील आणि दुसऱ्यांच्या चिपवर काम करणाऱ्यांनाही मिळेल. ते स्वातंत्र्य सांभाळायला मला नेमलंय. वेगळा मजला, वेगळं दार. तो माणूस विचारतो, "मॅडम, कुणाला नाकारलंय का?" मी म्हणते, "नाही." हे खरं आहे आणि त्याचीच मला चीड येते.

अशा वेळी मला चाकणची आपली खानावळ आठवते. दोन कंपन्यांची माणसं एकाच पत्र्याखाली जेवायची. जो आधी बसेल त्याच्या ताटात तव्यावरची चपाती. मग त्यातल्या एका कंपनीच्या कँटीन ठेकेदारानं खानावळ घेतली आणि तुला तव्याशी ठेवलं. तू एकच अट घातलीस, "आलेल्याला ताट मिळालं पाहिजे, कुठल्याबी कंपनीचा असू दे." तो हसत म्हणाला, "मावशी, शब्द देतो." आणि पाळला की त्यानं! कुणालाच परत पाठवलं नाही. फक्त गरम चपाती त्याच्या माणसांकडे जाते आणि दुसऱ्यांना सकाळच्या चळतीतली. मी शाळेतून येऊन तुझ्या शेजारी कणकेचे गोळे करत बसलेय. दुसऱ्या कंपनीचा एक जण ताटावरून उठताना म्हणतो, "मावशी, चव तुमचीच हाय, पण दात दुखाया लागले बघा." तो परत आला नाही. हळूहळू त्यांची बाकडी रिकामी झाली. ठेकेदार म्हणाला, "ते येतच नाहीत, त्याला मी काय करू?"

तू भांडत का नाहीस म्हणून मी तुझ्यावर ओरडले होते. तू म्हणालीस, "कशावरून भांडू? ताट तर देतोय त्यो." आणि स्वतःला चळतीतलीच चपाती घेतलीस. रोज तीच खायचीस. "त्यांच्या पुढ्यात काय वाढतेय ते मला कळाया नगं व्हय?"

आमच्याकडेही तसंच चाललंय. नवी सुधारणा आधी मालकाच्या चिपसाठी, बाकीच्यांचं काम रांगेत. ते काम करणारी माझी पोरं एकेक करून वरच्या मजल्यावर, मालकाच्या कंपनीत, बढतीवर गेली, आणि बढतीला मी नको कशी म्हणू? राजगुरुनगरहून दुसरी चिप वापरणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या मालकाचा फोन येतो, "मॅडम, तुमचं टूल चालतंय, न्हाई म्हणत न्हाई. पण लई दमानं चालतंय हो. आमी टिकायचं कसं?" मी तक्रार वर पाठवते. अगदी नम्र उत्तर येतं. मी तेच त्याला वाचून दाखवते आणि तो "बरं" म्हणून फोन ठेवतो. भांडू तरी कशावरून, आई?

हे कुठं पाठवायचं नाहीच, तेव्हा सांगून टाकते. राजगुरुनगरच्या त्या माणसाकडे आहे तसलं, दुसऱ्या चिपचं यंत्र मी मुद्दाम मागवून घेतलं होतं. त्यावर आमचं टूल लावून ते किती दमानं चालतं हे स्वतः बघायला अर्धा दिवस पुरेल. ते माझ्या टेबलाखाली पडून आहे. मी अजून खोकंही उघडलेलं नाही.