टिपांचं बायबल

४ ऑक्टोबर, शनिवार

अरविंदच्या नावाने मिस्साची प्रार्थना सांगायला चर्चच्या ऑफिसात गेले. जुलैत गेला तो, मला आज धीर झाला. टेबलाशी शनिवारी मदतीला येतात त्या बाई होत्या. नाव लिहून घेतलं, मग आडनाव विचारलं. कुलकर्णी म्हटल्यावर मान वर. "हसबंड कैथोलिक थे?" नव्हते. बाईंनी पेन खाली ठेवलं. "आप फादर से पूछ लीजिए ना."

वाईट काही बोलल्या नाहीत. पण ते पेन खाली ठेवणं डोक्यातून जात नाही.

फादर म्हणाले, बिल्कुल, त्यात काय. मी विचारलं, आधार काय? हसले. "मीनाजी, आप तो पूरी सरकारी हैं." मग सांगितलं: बायबलातला मक्काबींचा दुसरा ग्रंथ, बारावा अध्याय. मेलेल्यांसाठी प्रार्थना केल्याची गोष्ट तिथे आहे. "एक अच्छी स्टडी बायबल ले लीजिए, नोट्स वाली. खुद पढ़िए." दोन नोव्हेंबरला सगळ्या मृतांची मिस्सा असते, नाव तोवर दिलं तरी चालेल.

म्हटलं, आधी वाचते, मग देते. फाइलवर नोटिंग, म्हणजे आधार लिहिलेला, नसेल तर मी सही करत नाही. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी ऑफिसात जन्मभर हेच केलंय. आणि इथे तर अ.चा प्रश्न आहे. माझी प्रार्थना त्याला पोचते की मी नुसती भिंतीशी बोलते, एवढंच मला कळायला हवंय.

५ ऑक्टोबर, रविवार

मिस्सा संपल्यावर सरळ मॉलमधलं पुस्तकांचं दुकान. एक जाडजूड मिळालं, सोनेरी कडांचं. पानावर वर चार ओळी मजकूर आणि खाली टिपाच टिपा, नकाशे, वंशावळी. म्हणजे अगदी मला हवं तसं.

घरी आईंनी हातात घेऊन बघितलं. (आई म्हणजे अ.ची आई. आता माझ्याच.) "अगं, हे वाचायचं की यावर चटणी वाटायची?"

जेवणं झाली की वाचते.

६ ऑक्टोबर

नाही त्यात. मक्काबी नाहीतच! जुन्या करारातला मलाखी संपला की लगेच नव्यातला मत्तय. पानं गळाली असतील म्हणून शिवण तपासत बसले, बावळटासारखी. फादरना फोन. "अरे, वो हमारी वाली नहीं होगी." प्रोटेस्टंट मंडळींच्या बायबलमध्ये सात पुस्तकं कमी. कॅथलिक आवृत्ती बघून घ्यायची, आत बिशपांची मान्यता छापलेली असते.

हे मला माहीत आहे! वसईत धर्मशिक्षणाच्या वर्गात सातही नावं पाठ होती, घडाघडा म्हणून बक्षीसही घेतलंय. आणि मॉलमध्ये टिपा मोजून भुलले, अनुक्रमणिका बघितलीच नाही. घरात वेदीवर बायबल असतं, त्याला हार असतो, रविवारी कोणीतरी वाचतं आणि आपण ऐकतो. स्वतः उघडायची सवयच नाही आम्हाला. मग असं होतं.

भाजी खारट झाली. आई नुसतं पाणी पीत राहिल्या.

९ ऑक्टोबर

दुकान परत घेत नाही म्हणे. पहिल्या पानावर मी माझं नाव लिहिलंय. हौस.

११ ऑक्टोबर, शनिवार

मेट्रोने चर्चच्या सिस्टर चालवतात त्या पुस्तकांच्या दुकानात. इथे चूक व्हायची सोय नाही, सगळंच कॅथलिक. दोन समोर ठेवली: एक निळं, एक तपकिरी. इंग्रजीच दोन्ही, मराठीत एवढ्या टिपांचं नाही म्हणाल्या. ठरवलं, ज्यातली त्या पानाची टीप पटेल ते घ्यायचं. उभ्याउभ्याच उघडलं.

गोष्ट अशी. लढाई झालेली. सेनापती यहुदा आणि त्याची माणसं आपल्यातले मेलेले पुरायला जातात. प्रेतं उचलताना प्रत्येकाच्या सदऱ्याखाली ताईत सापडतात. परक्या देवांचे. आणि सगळ्यांना कळतं की हे का मेले ते. मग त्यांच्या पापाला क्षमा मिळावी म्हणून प्रार्थना करतात, वर्गणी काढून यरुशलेमला अर्पण पाठवतात.

म्हणजे प्रार्थना आहे. पण कोणासाठी, तर ज्यांच्या गळ्यात परका देव होता आणि त्यामुळेच जे मेले त्यांच्यासाठी.

अ.च्या गळ्यात गणपती होता. चांदीचा, लहानसा, मुंजीपासूनचा. हॉस्पिटलात नर्सने कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिला.

फादरनी हे कसं नाही सांगितलं?

सिस्टरनी स्टूल दिलं, पाणी विचारलं. निळ्यातली टीप ठाम: मृतांसाठी प्रार्थना करावी याचा हा पाया, शुद्धिस्थानातल्या, म्हणजे पापं धुतली जायची वाट बघणाऱ्या आत्म्यांना तिचा उपयोग होतो, वगैरे. तपकिरीतली टीप लांबलचक आणि चाचपडत जाणारी: यहुदाने ते अर्पण कदाचित जिवंत राहिलेल्यांवर कोप होऊ नये म्हणून पाठवलं असेल, मेलेल्यांसाठी होतं हा अर्थ लिहिणाऱ्याने मागाहून लावला असेल. असेल, असेल.

एकही न घेता परत आले. ब्ल्यू लाइनवर उलट्या दिशेच्या गाडीत बसले, नोएडाकडे दोन स्टेशनं गेल्यावर लक्षात आलं.

१२ ऑक्टोबर

मिस्साला गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. दुखत नव्हतं, चिडलेय. पुडी ड्रॉवरमधून काढली, उघडली, परत ठेवली.

मेंदूत रक्तस्राव, असं डॉक्टरांनी लिहिलंय. गणपती नाही लिहिलेलं.

१४ ऑक्टोबर

फादरना गाठलं. विचारलं, तुम्ही मला हे वाचायला कसं दिलंत? बिचारे गोंधळले. त्यांच्या डोक्यात फक्त प्रार्थनेचा भाग होता, ताइतांचं ते विसरूनच गेले होते. "मीनाजी, उस पर मत जाइए. वो उस ज़माने का लिखने वाला है." मी म्हटलं, मग कुठल्या ओळीवर जायचं आणि कुठल्या नाही, हे कोण ठरवणार? फादर म्हणाले, आपण त्याच्यासाठी प्रार्थना करू या, वाद नंतर. चांगला माणूस आहे, पण माझं समाधान नाही झालं.

१९ ऑक्टोबर, रविवार

लेक आलीय गुरुग्रामहून, सई. यंदा आमच्याकडे दिवाळी नाही, सुतकाचं वर्ष. आईंनी तरीही तिच्यासाठी चकल्या केल्या, "फराळ नाही हं हा, नुसत्या चकल्या आहेत."

तिला गोष्ट सांगितली. "ताईत म्हणजे? तावीज? अच्छा." मग म्हणाली, "मम्मा, यार, तुला जर उत्तर माहितीये तर पुस्तक कशाला शोधतेस? बाबासाठी प्रेअर करायचीय तर कर ना."

उत्तर माहीत नाही, हीच तर अडचण आहे. तिला वाटतं मी हट्टी आहे. आहेच.

२३ ऑक्टोबर

ऑफिसातून लवकर आले, धुराने घसा धरलाय. बाल्कनीत आई, हातात भिंग, आणि मांडीवर वेदीवरचं बायबल! माझं लग्नातलं, मराठी, वसईहून आलेलं. हार बाजूला काढून ठेवलेला, नीट, ताटलीत.

"आई, तुम्ही हे वाचता?"

"मग काय तुझ्या ऑफिसच्या फायली वाचू? मराठीत या घरात दुसरं उरलंय काय?"

कधीपासून? "तू कामावर गेलीस की. दोनदा झालं पुरं वाचून. ते याद्यांचं सोडते मी मधलं. अमक्याचा मुलगा तमका, त्याला काही अर्थ नाही."

पुरं. म्हणजे मक्काबीसुद्धा. घरातच होतं ते, मी रोज समोर मेणबत्ती लावते त्या जागी. टिपा नाहीत म्हणून त्याचा विचारच आला नव्हता मनात. कपाळावर हात मारून घेतला, मग न राहवून विचारलं, ती ताइतांची गोष्ट वाचलीत?

वाचली होती. भिंग पुसत म्हणाल्या,

"मला नाही आवडली. मेले म्हणून सदरे वर करून बघितले त्यांचे. जे जिवंत राहिले त्यांचे कोणी बघितले?"

आत गेले आणि रडले. जुलैनंतर इतकी रडले नव्हते.

२५ ऑक्टोबर

परवापासून ते एकच वाक्य. जे जिवंत राहिले त्यांचे कोणी बघितले. यावर निळ्यात टीप नव्हती, तपकिरीतही नव्हती.

आज भाजी निवडताना आई आपणहून बोलल्या. दहाव्याला यमुनेवर पिंडाला कावळा शिवला नाही. मला आठवतं, आम्ही उन्हात किती वेळ उभे होतो, घारी होत्या वर, कावळा एक नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि मोकळे झाले. सगळे म्हणाले, दिल्लीत आता कावळे राहिले कुठे, मनाला लावून घेऊ नका.

"लावून घेतलंच आहे," आई म्हणाल्या. "त्याचं काहीतरी राहिलंय. काय राहिलं ते कळत नाही मला."

तीन महिने एका घरात आहोत. मी माझ्या मिस्सावर अडलेली, त्या त्यांच्या कावळ्यावर. एकमेकींना एक शब्द नाही. मी म्हटलं, मला नीट निरोप घेता आला नाही त्याचा. त्या म्हणाल्या, "मला तरी कुठे आला." मेथी निवडून झाली तरी बसून होतो.

२९ ऑक्टोबर

तपकिरी आणलं. निळंच घ्यायचं ठरवून निघाले होते. निळं हो म्हणतं, आणि मला हो हवं होतं. पण हातात घेतलं तेव्हा वाटलं, याला सगळंच माहीत आहे, याच्याशी मी काय बोलणार? तपकिरीला माहीत नाही. त्यांनी अर्पण कोणासाठी पाठवलं ते नक्की नाही, पोचलं का ते नक्की नाही. पण पाठवलं, एवढं नक्की. कोणी अडवलं असं कुठे लिहिलेलं नाही.

हे नोटिंग झालं का? ऑफिसात मी असली फाइल परत पाठवली असती.

३० ऑक्टोबर

नाव दिलं. त्याच बाई होत्या. या खेपेला मी कागद पुढे ओढून स्वतःच लिहिलं. अरविंद कुलकर्णी. बाई म्हणाल्या, "फादर ने बताया था." आणि मग हळूच, "सॉरी हाँ, उस दिन." मी म्हटलं, कोई बात नहीं. खरंतर आहे बात, पण त्यांच्याशी नाही.

दुपारी परत शंका. उद्या फोन करून काढायला सांगावं का? ज्याने कधी मागितलं नाही त्याच्यासाठी मी मागतेय. अ. चर्चला यायचा तो नाताळच्या केकसाठी. विचारलं असतं तर म्हणाला असता, कर गं, तुला बरं वाटत असेल तर कर. की हे मी माझ्या सोयीने त्याच्या तोंडी घालतेय?

१ नोव्हेंबर

फोन केला नाही. आईंना म्हटलं, उद्या मी सिमिट्रीत (आमच्या दफनभूमीत) जाणार. अ.ची कबर नाही, पण मधे मोठा क्रूस आहे, ज्यांची माणसं दुसरीकडे आहेत ते तिथे मेणबत्त्या लावतात. माहेरी उद्या सगळ्या कबरी फुलांनी भरतील, इथून आपलं एवढंच.

"मी येऊ?" म्हणाल्या. "चालतं ना तुमच्यात?"

चालतं.

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी मिस्सा. कुर्त्याच्या आत अ.ची साखळी घातली होती, गणपतीसकट. मुद्दाम. मेलेल्यांचेच सदरे का बघायचे? फादरनी नावं वाचली. लाक्रा, मग अरविंद कुलकर्णी, मग मॅथ्यू. कुलकर्णी म्हणताना थोडे अडखळले. आणखी काही झालं नाही. मला वाटलं होतं काहीतरी वाटेल. चांदी गार लागत होती, एवढंच.

दुपारी सिमिट्री. सईने गाडी काढली. हवा पिवळट, माणसं पुष्कळ, झेंडूचा वास. क्रूसाशी मेणबत्ती लावली, वारा नव्हता, पहिल्या काडीत लागली. आई मागे उभ्या होत्या. मग पिशवीतून डबा काढला. दहीभात. मला सांगितलं नव्हतं.

"इथे नको ठेवायला ना?" म्हणाल्या. मी म्हटलं, भिंतीशी ठेवा. कडुनिंबाखाली पत्रावळीच्या तुकड्यावर ठेवला. आणि भिंतीवर, खरोखर, एक कावळा. मान तिरकी करून बघत होता. आम्ही दोघी लांब उभ्या. हलत नाही, येत नाही. आईंचे ओठ हलत होते. माझेही. त्या काय म्हणत होत्या ठाऊक नाही, मी आपली प्रभूची प्रार्थना म्हणत होते, मराठीतली, मधेच विसरले, पुन्हा पहिल्यापासून.

चौकीदार शिटी वाजवत आला. "चलो माताजी, गेट बंद हो रहा है." आईंनी माझा दंड धरला. "चल. मागे बघायचं नाही."

गाडीत सई म्हणाली, "आजी, आला का मग तो?"

"मला काय विचारतेस? पाठीला डोळे आहेत का मला?"

मी पुढच्या सीटवर. माझ्या बाजूच्या आरशात भिंत आणि कडुनिंब दिसत असणार, गाडी वळेपर्यंत. मी मांडीवरच्या रिकाम्या डब्याकडे बघत बसले. आईंना अजून सांगितलेलं नाही की मला बघता आलं असतं.