पाच किलो जास्त

अहो,

लेक सैन्यात डॉक्टर झाली की तुमचा फायदा काय, ते मी मोजून ठेवलंय. कारखान्याच्या सभेत पुढची खुर्ची, स्टँडवर फ्लेक्स आणि भावकीची तोंडं बंद. म्हणून नुसता परीक्षेचा निकाल आला, तर निवडच झाल्यासारखं तुम्ही राजनंदिनीला दीड महिना घरोघर सत्काराला फिरवलंत. चौथ्या घरी ती म्हणाली, "पप्पा, आता पुरे." तुम्ही म्हणालात, "पुरणपोळीला नाही म्हणू नये गं, लोकांचा मान असतो."

मुलाखत चांगली गेली. पण काल पुण्यात वैद्यकीय तपासणीत लष्कराच्या डॉक्टरांनी तिला नापास केलं. वजन पाच किलो जास्त भरलं. महिन्याने फेरतपासणी आहे, ती एकदाच. तुम्हाला सांगायला ती घाबरते, म्हणून मी लिहिते.

तिला घेऊन मी नागापूरला दादाकडे चालले. तिथे पळायला मैदान आहे आणि सत्काराला बोलावणारं कुणी नाही. गाईंच्या धारा तुम्हीच काढा. तांबडी लाथ मारते, तिचे पाय बांधा. भाकरी टोपल्यात आहे. रविवारचा काष्टीचा सत्कार मोडू नका, लोक कारण विचारतील. एकटेच जा आणि तिच्या वाटचंही खाऊन या.

हार तुमच्या गळ्यात पडले, पेढे गावाने खाल्ले, घरी तूप मीही वाढलं. महिनाभर दोन्ही वेळा पळायचं मात्र एकट्या पोरीला आहे.

रंजना