राजनंदिनीचं सहा पॉईंट नऊ

बुधवार, २ एप्रिल

सहा पॉईंट नऊ! मॅडमनं रिपोर्ट माझ्यासमोर धरला आणि आकड्याभोवती पेनानं गोल केला. राजनंदिनी, वय एकवीस, सातवा महिना, रक्त सहा पॉईंट नऊ. "बाळंतपणाच्या आधी दहाच्या पुढं पाहिजे. नाहीतर मी हात लावणार नाही, थेट बीडला पाठवीन." केजमध्ये एवढी शांत बोलणारी डॉक्टर दुसरी नाही. म्हणून जास्तच भीती वाटली.

लोहाच्या गोळ्या पोरीला पचत नाहीत, गिळली की उलटी. म्हणून इंजेक्शनं लिहून दिली. वर आहाराचा छापील कागद — डाळिंब, बीट, सफरचंद, खजूर. मी म्हटलं, मॅडम, आमच्या गावात या दिवसांत ताजं वांगं मिळालं तरी नशीब. त्या हसल्या. "मग घरात जे आहे त्यातूनच करा. आणि ती रोज काय खाते ते लिहून आणा."

ते वेगळ्या कागदावर लिहीन. ही वही माझी. बियाणांच्या दुकानदारानं ह्यांना दिलेली, निम्मी कोरी पडून होती. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली की आई सगळ्यांना सांगत सुटते. मला कुणाला काही सांगावंसं वाटत नाही. इथं लिहिते.

गुरुवार, ३ एप्रिल

सगळे डबे काढून ओट्यावर मांडले. बाजरी, हुलगे, मटकी, तीळ, कारळं, शेंगदाणे, गूळ, मूठभर राजगिरा, वाळवलेली मेथी. दारात शेवगा. एवढं सगळं असताना पोरीच्या अंगात रक्त नाही! लग्नाला वर्षच झालंय, म्हणजे सासरला तरी नावं कशी ठेवायची? वाढली तर माझ्याच हाताखाली.

माळ्यावरून लोखंडी कढई काढली. चिंचेनं घासून घासून हात काळे झाले. तिच्यात शेवग्याच्या पाल्याची भाजी केली, दाण्याचं कूट घालून. भाजी काळीकुट्ट. राजनंदिनी म्हणाली, "आई, जळलंय का हे?" म्हटलं, लोखंड उतरलंय त्यात, तेच पाहिजे. दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

उरलेली भाजी झाकून ठेवली. सकाळी तिलाच गरम करून देईन. मी चहात भाकर बुडवून खाल्ली.

शुक्रवार, ४ एप्रिल

हुलग्याचं माडगं केलं. गूळ, सुंठ, वरून तीळ. वास घरभर! आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, काठी टेकत आत आल्या. "हुलगं कावून काढलंस? गरम असतंय ते. पोटुशी बाई हाय घरात."

"आत्याबाई, पोरीच्या अंगात रक्त न्हाई."

"आमच्या येळंला कुनी रक्त मोजलं न्हाई. सात लेकरं झाली मला."

सात झाली, तीन जगली. हे मी बोलले नाही. माडगं शेवटी आत्याबाईंनीच प्यायलं, दोन वाट्या. वर म्हणाल्या, गूळ कमी हाय.

रविवार, ६ एप्रिल

रामनवमी. देवळातला सुंठवडा तेवढा राजनंदिनीनं मागून घेतला. दिवसभरात तेवढाच. कागदावर काय लिहू — सुंठवडा एक चमचा?

मंगळवार, ८ एप्रिल

जावयांचा फोन. सत्यमराव पुण्याला कंपनीत आहेत, स्वभावानं गरीब. "मामी, यूट्यूबवर बघितलं मी. ॲव्होकॅडो द्या तिला, लई भारी असतंय." ते फळ का भाजी तेही मला ठाऊक नाही. बरं म्हटलं.

बाजरीच्या पिठात राजगिरा, तीळ, वाळवलेली मेथी घालून थालीपीठ केलं. अर्धं खाल्लं. तेही मी समोर बसून गोष्टी सांगितल्या तेव्हा. तीन वर्षांची होती तेव्हा अशीच भरवायचे. तेव्हा चिमणीचा घास म्हटलं की तोंड उघडायची. आता मान फिरवते. नवरा असलेल्या बाईला भरवायचं तरी कसं?

गुरुवार, १० एप्रिल

दुपारी राजनंदिनी घरात दिसेना. परसात जुन्या चुलीपाशी बसलेली. चुलीच्या कडेचा पोपडा नखानं काढायचा आणि तोंडात टाकायचा. मला बघून घाईनं ओठ पुसले.

"कधीपासून?"

"पाचव्यापासून. तिकडं भिंतीची खायचे." मग खाली बघून म्हणाली, "तोंडाला तेवढंच बरं लागतंय गं आई."

आठ दिवस मी डब्यांशी झटतेय आणि पोरगी माती खातेय! एक धपाटा घालावा असं वाटलं, पोटाशी धरावं असंही वाटलं. दोन्ही झालं नाही. खोरं घेतलं आणि चूल फोडून टाकली. मग तिथंच खाली बसले. चार घाव घातले नाहीत तर कानात घुं घुं. ऊन फार आहे यंदा.

आत्याबाई दारातून बघत होत्या. "चूल कावून फोडलीस? म्या बी खाल्ली. अजिनाथच्या येळंला गोठ्याची भित निम्मी केलती. तुझा दादला मातीवरच पोसलाय." हे बाजेवर बसून ऐकत होते, हसायला लागले. मलाही हसू फुटलं. राजनंदिनी तेवढी हसली नाही.

मी तांदूळ निवडताना चार दाणे कच्चे चघळते. ते वेगळं. ती काही माती नव्हे.

रविवार, १३ एप्रिल

जमलं!

मॅडम म्हणाल्या होत्या, जेवणात आंबट असू द्या, लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागतं. आमची लिंबोणी दोन वर्षांपूर्वीच वाळली. पण काल वारं सुटलं आणि शेजारच्या मुंजाजी भाऊजींच्या झाडाच्या कैऱ्या आमच्या अंगणात पडल्या. आंबट ते आंबट! रात्रीची बाजरीची भाकरी कुस्करली. शेवग्याचा पाला अगदी बारीक चिरून लोखंडी कढईत कुरकुरीत परतला, म्हणजे वासही मारत नाही. दाणे, तीळ, लसणाची फोडणी, आणि गॅस बंद करून वरून भरपूर किसलेली कैरी, चिमूटभर गूळ.

राजनंदिनीनं पहिला घास घेतला आणि थांबली. मी समोर उभी. मग दुसरा घेतला. मग ताटलीच पुढं केली. "अजून हाय का?"

अजून हाय का! एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ऐकलं. ह्यांनीही मागितलं, आत्याबाईंनीही, बाजरी चैत्रात गरम पडते असं म्हणत म्हणत. कढई पुसून घेतली शेवटी मी, भाकरीच्या तुकड्यानं. छान झालं होतं.

सोमवार, १४ एप्रिल

आजही कुस्करा. दोनदा. कागद भरला!

बुधवार, २३ एप्रिल

सात पॉईंट चार.

मला वाटलं होतं निदान साडेआठ. इंजेक्शनं झाली, कुस्करा झाला, कैरी घालून मटकी झाली, कारळाची चटणी झाली, तिळाचे लाडू झाले. आणि वाढलं किती तर एवढंसं. मॅडमनं कागद वाचला आणि म्हणाल्या, "खूप छान करताय तुम्ही. चढतंय, पण हळू. दिवस कमी राहिलेत."

छान करताय म्हणे. छान करून काय उपयोग? परत येताना केजच्या स्टँडवर दोनदा खाली बसले. राजनंदिनीनंच माझी पिशवी घेतली. आठव्या महिन्याची बाई पिशवी घेते आणि आई रिकाम्या हातानं धापा टाकत मागून येते. लोक काय म्हणाले असतील!

मंगळवार, २९ एप्रिल

कुस्करा बंद. कैरीच्या वासानं मळमळतं म्हणे आता.

सोमवार, ५ मे

आज मी फार वाईट बोलले.

राजगिऱ्याची लापशी केली होती. दूध, गूळ, खोबरं. घरातला शेवटचा राजगिरा. ताटली तशीच ठेवून राजनंदिनी मोबाइल बघत बसलेली. वर साय धरली, मुंग्या आल्या. मी म्हटलं, तुला मरायचंय का? लेकराला घेऊन मरायचंय का तुला? तोंडातून निघून गेलं. उद्याच्या बाळंतिणीला आईनं असं बोलावं?

ती ओरडली नाही. हळू म्हणाली, "आई, मी काय दावणीचं ढोर हाय का? सारखं खा, खा, खा. तू समोर उभी राहतीस आन् माझ्या तोंडाकडं बघतीस. घशातच अडकतंय मग. तू बी ताट घेऊन बस की माझ्याजवळ."

म्हटलं, माझं काय, मी मागून जेवते.

"मागून म्हंजे कवा?"

तिला काय सांगायचं? या घरात करणारी शेवटी बसते. पातेली रिकामी झाली की कळतं किती उरलं. मी नवी नवरी होते तेव्हा एकदा आत्याबाईंच्या आधी भूक लागली म्हणून गुळाचा खडा तोंडात टाकला होता. त्यांनी नुसतं बघितलं. तेवढं पुरलं. आणि आता तर सवयच झाली. सगळ्यांची पोटं भरली की माझी भूक जाते. घोटभर चहा असला की झालं.

संध्याकाळी तिचे पाय चेपून दिले. मला काय करावं ते कळत नाही. डब्यांत अजून आहे सगळं, तीळ आहेत, हुलगे आहेत, पण डोकं चालत नाही. करायचं, ताटात वाढायचं, आणि बघत राहायचं. घास तर मी तिच्या वतीनं गिळू शकत नाही.

बुधवार, १४ मे

आठ पॉईंट एक.

मॅडम म्हणाल्या, आता वाट बघण्यात अर्थ नाही. बाळंतपण बीडलाच करायचं आणि दोन पिशव्या रक्ताची सोय आधी करून ठेवायची. रक्त देणारी दोन माणसं घरातून न्यायची, कुठल्याही गटाचं चालतं, बदल्यात तिच्या गटाचं मिळतं. हे नुसते मान हलवत होते. मी हरले, असं वाटलं. दीड महिना राबून शेवटी दुसऱ्याच्याच रक्ताची पिशवी.

शुक्रवार, १६ मे

सकाळच्या एसटीनं बीडला गेलो, हे आणि मी. दोन पिशव्यांना दोन माणसं. सत्यमराव म्हणाले होते, दोन दिवसांनी येतो, दुसरी मी देतो. मी म्हटलं, कशाला? मी आहे की. खरं सांगायचं तर मला हौसच होती. माझ्या हातचं पोरीच्या अंगी लागलं नाही, निदान हे तरी लागेल.

रक्तपेढीत एका बाटलीत निळं पाणी असतं. बोट टोचून थेंब त्यात सोडतात. थेंब बुडाला की रक्त चांगलं, घेतात. ह्यांचा थेंब खड्यासारखा तळाला गेला. माझा वरच राहिला.

तिथल्या मुलीनं दुसरं बोट टोचलं. तोही थेंब वरच. मला वाटलं पाणी शिळं झालं असेल, तसं म्हटलंही. ती हसली नाही. तिनं मशीन आणलं. पाच पॉईंट आठ.

"मावशी, तुम्ही इथवर चालत आलात?" तिनं विचारलं. मला प्रश्नच कळला नाही. हे म्हणाले, "स्टँडवरनं चालतच आलो की." तिनं डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली. दम कधीपासून लागतो? चक्कर? पाळीत जास्त जातं का? ह्यांच्यासमोर काय सांगणार. मान हलवली.

"जेवता काय तुम्ही?"

"सगळंच."

"सगळं म्हणजे काय? काल काय जेवलात?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे. त्यांनाही सांगता येईना. चोवीस वर्षं झाली लग्नाला, त्यांनी मला जेवताना कधी बघितलेलंच नाही.

म्हणजे राजनंदिनीपेक्षाही कमी. आणि ती पोटात होती तेव्हाही माझ्या अंगात एवढंच रक्त असेल, तर... पुढचं लिहवत नाही. ह्यांची एक पिशवी घेतली, दुसरी आता जावईच देतील. मला मोठ्या दवाखान्यात दाखवायची चिठ्ठी दिली. परतीच्या गाडीत ह्यांनी मला खिडकीशी बसवलं.

शनिवार, १७ मे

आज स्वयंपाक राजनंदिनीनं केला, मला ओट्याजवळ येऊ दिलं नाही. पहिलं ताट आत्याबाईंनी स्वतः आणून माझ्यापुढं ठेवलं. "तू जेवून उठल्याबिगर कुनी ताटाला हात लावनार न्हाई." तिघंही समोर बसले, हात रिकामे ठेवून. मला भूक होती. पण सगळे उपाशी बसलेले असताना आपण घास तोंडात कसा घालायचा, ते मला येत नाही.